एडिनबऱ्यात सायकल घेऊन ट्रामने कसे फिरावे

एडिनबऱ्याच्या विमानतळातून बाहेर पडले की समोर ट्राम उभी दिसते, आणि नव्याने आलेल्या माणसाचा साहजिकच असा समज होतो की एवढी लांबलचक, चकचकीत गाडी थेट दारात येते त्याअर्थी ती शहरात सगळीकडे जात असणार. प्रत्यक्षात या शहरात ट्रामची एकच वाट आहे. विमानतळापासून हेमार्केट, प्रिन्सेस स्ट्रीट आणि लीथ वॉक या मार्गाने उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या न्यूहेवनपर्यंत ती जाते. लांबी सुमारे १८.५ किलोमीटर आणि थांबे २३. आपल्याकडून शिकायला येणारी मुले जिथे खोल्या घेतात ते मार्चमाँट आणि न्यूइंग्टन, विद्यापीठाचा किंग्ज बिल्डिंग्ज परिसर, रॉयल इन्फर्मरी हे मोठे रुग्णालय, यांपैकी कुठेही ट्राम जात नाही. उरलेले अंतर बसने किंवा सायकलने कापावे लागते. ठरावीक वेळात साधी, घडी न होणारी सायकलही ट्राममध्ये नेता येते, ही गोष्ट अनेकांना दोनदोन वर्षे राहूनही ठाऊक नसते, म्हणून हे टिपण.

सायकलीची गरज का पडते हे समजण्यासाठी या ट्रामची कहाणी थोडक्यात माहीत असलेली बरी. एडिनबऱ्याची जुनी ट्राम १६ नोव्हेंबर १९५६ रोजी बंद झाली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली आणि दादर टीटी (ट्राम टर्मिनस) या नावातल्या दोन अक्षरांपुरती ती उरली. एडिनबऱ्याने मात्र अर्ध्या शतकाने ट्राम परत आणायचे ठरवले. मूळ बेत तीन मार्गांचा होता: लीथ आणि ग्रँटनला वळसा घालणारा पहिला, पश्चिमेकडे विमानतळाच्या दिशेने जाणारा दुसरा आणि आग्नेयेकडे रॉयल इन्फर्मरीच्या बाजूला जाणारा तिसरा. तिसऱ्या मार्गाचे पैसे शहरात मोटारी आणणाऱ्यांवर आकार बसवून उभे करायचे होते, परंतु फेब्रुवारी २००५ मधील सार्वमतात जवळजवळ तीन चतुर्थांश मतदारांनी तो आकार नाकारला आणि त्याच्याबरोबर तो मार्गही बारगळला. आज दक्षिण एडिनबऱ्यात राहणाऱ्याला ट्राम नाही, याचे मूळ तिथे आहे.

उरलेल्या दोन मार्गांना स्कॉटिश संसदेने २००६ मध्ये मंजुरी दिली आणि मे २००८ मध्ये ५४ कोटी ५० लाख पौंडांचा अंदाज धरून बांधकामाचा करार झाला. आराखडे पुरते तयार नव्हते, रस्त्याखालच्या नळांचे आणि तारांचे स्थलांतर अर्धवट होते, आणि तरीही किंमत निश्चित झाल्याच्या समजुतीने सह्या झाल्या. घर बांधून घेतलेल्या कोणालाही पुढचे सांगावे लागणार नाही. २००९ च्या सुरुवातीलाच ठेकेदार आणि नगरपालिकेच्या मालकीची ‘टाय’ ही कंपनी यांच्यात वाद पेटला, त्याच वर्षी ग्रँटनची शाखा रद्द झाली आणि मार्च २०११ मध्ये मध्यस्थी करावी लागली. ऑगस्ट २०११ मध्ये तर नगरसेवकांनी ट्राम हेमार्केटपाशीच थांबवण्याचा ठराव केला. स्कॉटिश सरकारने उरलेला निधी रोखण्याचा इशारा दिल्यावर आठवडाभरात तो फिरवण्यात आला. शेवटी ३१ मे २०१४ रोजी विमानतळ ते शहराच्या मध्यावरचे यॉर्क प्लेस असा अपुरा मार्ग सुरू झाला, तोही ७७ कोटी ६० लाख पौंडांना. न्यूहेवनपर्यंतचा तुकडा आणखी २० कोटी ७० लाख पौंडांच्या खर्चाने ७ जून २०२३ रोजी जोडला गेला. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आला, म्हणजे ट्राम बांधायला जितकी वर्षे लागली त्यापेक्षा ती का रखडली हे शोधायला जास्त लागली. अहवालाने मुख्य दोष ‘टाय’वर ठेवला, पण नगरपालिकेला आणि स्कॉटिश मंत्र्यांनाही सोडले नाही.

ग्रँटनची शाखा ज्या जुन्या रेल्वेमार्गावरून जायची होती तो रोझबर्न पाथ त्यामुळे सायकलींच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या हातात राहिला. आता ग्रँटनपासून दक्षिणेला रॉयल इन्फर्मरीच्या परिसरापर्यंत नवा मार्ग नेण्याचा विचार चालू असून तो रोझबर्न पाथवरून न्यावा की ऑर्चर्ड ब्रेच्या रस्त्याने, असा प्रश्न नगरपालिकेने २०२५ मध्ये नागरिकांपुढे ठेवला. रोझबर्न पाथवर सायकल चालवणारे आणि ट्रामची वाट पाहणारे हे पुष्कळदा एकच लोक असल्यामुळे या वादात बाजू घेणे भल्याभल्यांना अवघड जाते.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊ ते दुपारी चार आणि संध्याकाळी साडेसहापासून शेवटच्या गाडीपर्यंत सायकल नेता येते. शनिवारी आणि रविवारी दिवसभर मुभा असते. एका ट्राममध्ये दोनच सायकली चालतात आणि सायकलीचे वेगळे भाडे पडत नाही. ऑगस्टमधल्या महोत्सवांच्या काळात आणि मरेफील्ड मैदानावर मोठा रग्बी सामना किंवा संगीताचा कार्यक्रम असला की ही सवलत बंद असते. गर्दी पाहून नाही म्हणण्याचा अधिकार गाडीतल्या कर्मचाऱ्यांना असतो व तिथे हुज्जत घालून काही साधत नाही. मागची ट्राम सहसा दहा मिनिटांच्या आत येते. नियम बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ट्राम कंपनीची सूचना आणि मरेफील्डचे वेळापत्रक, दोन्ही पाहावे. ब्रिटनमधल्या बहुतेक शहरांच्या ट्राममध्ये घडीच्या सायकलीखेरीज दुसरी सायकल नेता येत नाही, हे लक्षात घेतले तर एडिनबऱ्याची सवलत किती मोलाची आहे ते कळेल. पुणे मेट्रोत सायकल नेण्याची सवय असलेल्यांना तिचे फारसे अप्रूप वाटणार नाही.

तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात किंवा फोनवर काढावे, कारण तिकिटाविना चढलेल्याला गाडीत मोजावी लागणारी रक्कम साध्या भाड्याच्या कितीतरी पट असते. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालील मुलामुलींना कार्डावर बसप्रवास मोफत आहे, मात्र ते कार्ड ट्रामला लागू नाही. पहिल्या महिन्यात या गैरसमजाने बऱ्याच जणांच्या खिशाला चाट बसते. आणखी एक हिशेब असा की विमानतळाच्या थांब्याचे भाडे वेगळे आणि चढे आहे, तर त्याच्या अलीकडचा इंग्लिस्टन पार्क अँड राइड हा थांबा शहराच्या साध्या भाड्यात येतो. विमानतळाच्या आसपास नोकरी करणारा सायकलस्वार तिथे उतरून उरलेले थोडे अंतर पेडल मारत गेला, तर महिन्याकाठी बरीच बचत होते.

चढताना जी थोडी तयारी लागते तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्या फलाटावरच काढून हातात किंवा खांद्यावर घ्याव्यात, कारण त्या सायकलीची रुंदी जवळजवळ दुप्पट करतात आणि दारात नेमक्या कोणाच्या तरी गुडघ्याला लागतात. फलाट आणि ट्रामची जमीन एका पातळीवर असल्याने सायकल उचलावी लागत नाही. उतरणारे उतरले की पुढचे चाक सरळ धरून आत ढकलावी. व्हीलचेअरसाठी आणि बाबागाडीसाठी राखलेली जागा सायकलीची नव्हे. तिथे कोणी नसताना उभे राहिले आणि पुढच्या थांब्यावर व्हीलचेअर आली, तर मुकाट्याने खाली उतरून पुढची गाडी धरावी. चेनची बाजू नेहमी भिंतीकडे किंवा आपल्याकडे ठेवावी; हिवाळ्यात इथल्या ओल्या रस्त्यांवरून आलेल्या चेनवर काळे वंगण आणि बारीक रेती यांचा जो लगदा साचतो तो दुसऱ्याच्या फिकट कोटावरून जन्मात निघत नाही.

ट्राम सुटताना आणि वळताना सायकल पुढेमागे सरकते व एका हाताने दांडा धरलेला असताना ती आवरणे कठीण जाते. त्यावर माझा उपाय केस बांधायच्या जाड रबराचा आहे. पुढच्या ब्रेकची मूठ दाबून तिच्याभोवती आणि हँडलच्या मुठीभोवती हे रबर अडकवले की चाक जाम होते आणि सायकल खुंट्यासारखी उभी राहते. उतरण्यापूर्वी ते काढायला मात्र विसरू नये. एकदा मी तसेच उतरायला गेलो आणि माझ्यामागे दारात पाचसहा माणसे खोळंबली. दार कोणत्या बाजूला उघडेल हेही आधी पाहून ठेवावे, कारण काही थांब्यांना रुळांच्या मधोमध एकच फलाट आहे तर काहींना दोन्ही बाजूंना, आणि ज्या दाराला सायकल टेकवून आपण निश्चिंत उभे असतो तेच पुढच्या थांब्यावर उघडते.

सायकल कोणत्या दिशेने चालवायची आणि कोणत्या दिशेने ट्राममध्ये घालायची, हे ठरवण्यात खरी अक्कल आहे. इथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि शहर किनाऱ्याकडे उतरत जाते. त्यामुळे पश्चिमेला जायचे असेल तर ट्रामने जावे व वारा पाठीशी घेऊन सायकलने परतावे. न्यूहेवनला जायचे असेल तर उताराने सायकलवर जावे आणि लीथ वॉकचा चढ ट्रामवर सोपवावा. पश्चिमेकडून परतण्याची माझ्या आवडीची वाट बँकहेड थांब्यावरून सुरू होते. तिथून दक्षिणेला दीड किलोमीटरच्या आतबाहेर वेस्टर हेल्सजवळ युनियन कालवा लागतो. मधला काल्डर रोड मोठा आणि भरधाव वाहनांचा आहे, तो जपून ओलांडावा. १८२२ मध्ये खुला झालेला हा कालवा जमिनीची एकच उंची धरून खोदलेला असल्याने त्याच्या काठची वाट शहरापर्यंत सपाट राहते आणि टोलक्रॉसजवळ संपते. तिथून मेडोज हे मोठे मैदान आणि विद्यापीठ अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. काठावर कठडा नाही, वाट अरुंद आहे आणि पुलांखाली समोरचे दिसत नाही, म्हणून वेग आवरावा आणि बेल दोनदा वाजवावी. स्लेटफर्डपाशी हा कालवा वॉटर ऑफ लीथ नदीवरच्या उंच पुलावरून जातो. तिथली दगडी फरसबंदी पावसात इतकी निसरडी होते की सायकल हातात धरून चालत जाणेच शहाणपणाचे.

आता रुळांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या शहरात सायकलस्वाराला ट्रामपेक्षा तिच्या रुळांचे भय अधिक आहे. रुळातली खाच साधारण ४ सेंटीमीटर रुंद असते. शर्यतीच्या सायकलीचा टायर २५ ते २८ मिलिमीटरचा आणि रोजच्या वापराच्या सायकलीचा ३५ ते ४० मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही त्या खाचेत सहज उतरतात. जाड टायर आत जात नाही, पण ओल्या पोलादावरून तोही घसरतो. एडिनबरा आणि वेस्ट लोदियन इथल्या रुग्णालयांच्या मे २००९ ते एप्रिल २०१६ या काळातल्या नोंदी तपासणाऱ्या एका वैद्यकीय अभ्यासात रुळांमुळे जखमी झालेले १९१ सायकलस्वार आढळले आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांशांचे चाक खाचेत अडकले होते. सुरुवातीचे वर्ष लक्षात घ्यावे: बांधकाम रखडल्याने प्रिन्सेस स्ट्रीटवर रूळ आधी आले आणि ट्राम पाच वर्षांनी, त्यामुळे गाडी धावण्याच्या कितीतरी आधी लोक तिच्या रुळांवर पडू लागले होते. मे २०१७ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीट आणि लोदियन रोड जिथे मिळतात त्या चौकात वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर धोक्याच्या चौकांतल्या खुणा व वळणे सुधारण्याचे काम हाती घेण्यात आले.

रूळ ओलांडण्याचा नियम एकच: चाक रुळाला जितके काटकोनात येईल तितके चांगले, आणि ६० अंशांपेक्षा कमी कोनात कधीही नाही. त्यासाठी ओलांडण्याच्या बरेच आधी मान वळवून मागे पाहावे, हाताने इशारा करावा, थोडे बाहेर सरकून स्वतःला जागा करून घ्यावी आणि मग छोटेसे वळण घेऊन रूळ सरळ कापावा. चाक पोलादावर असताना ब्रेक लावू नये, पेडलवर जोर देऊ नये आणि सायकल कलती करू नये. जे वळायचे ते रुळांच्या आधी किंवा नंतर. मागे बस चिकटलेली असेल आणि तसे वळण घेता येणार नसेल, तर डाव्या कडेला थांबून पादचाऱ्यांच्या सिग्नलवर सायकल हाताने पलीकडे न्यावी. मीही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात पडलो. भुरभुर पाऊस होता, माझी नजर रुळांवर असायला हवी होती ती शेजारच्या बसवर होती, आणि मी रुळांना जवळजवळ समांतर जात ते ओलांडू पाहत होतो. चाक खाचेत उतरल्यावर हँडल वळतच नाही. ते का वळत नाही एवढा विचार पुरा होण्याआधीच माणूस कोपरावर आपटलेला असतो. माझ्या पिशवीतले दोन किलो बासमती तांदूळ फुटून खाचेत पसरले आणि ते गोळा करू लागलेल्या मला एका म्हाताऱ्या बाईंनी दंडाला धरून आधी पदपथावर नेऊन बसवले.

शक्य तिथे रूळ टाळावेत हे उत्तम. रोझबर्नपासून हेमार्केट टेरेस आणि मेल्व्हिल स्ट्रीटवरून शार्लट स्क्वेअरकडे जाणारा सायकलमार्ग शँडविक प्लेसच्या रुळांना बगल देतो आणि पश्चिमेकडून शहरात येणाऱ्याने तोच धरावा. लीथ वॉकवर न्यूहेवनच्या विस्ताराबरोबर वेगळी सायकलपट्टी झाली. खांब चुकवण्यासाठी काही ठिकाणी तिला नागमोडी वळणे दिल्याने तिची पुष्कळ थट्टा झाली, तरी रुळांच्या शेजारून जाण्यापेक्षा ती बरी.

ट्रामला सायकल चालत नाही त्या वेळी लोदियन या बस कंपनीच्या शहर बसचा आधार नाही, कारण तिच्यात पूर्ण घडी केलेली सायकलच नेता येते. दूर जायचे असेल तर स्कॉटरेलच्या रेल्वेगाड्यांत सायकल मोफत जाते, काही मार्गांवर मात्र तिची जागा आधी राखावी लागते. २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बॉर्डर्स रेल्वेने ट्वीडबँकपर्यंत जाता येते आणि त्याच भागात जाणाऱ्या बॉर्डर्स बसेसच्या काही गाड्यांतही सायकलीची सोय असते. हेमार्केट, एडिनबरा पार्क आणि एडिनबरा गेटवे या तीन ठिकाणी ट्रामचा थांबा आणि रेल्वे स्थानक शेजारीशेजारी आहेत.

नव्या माणसाने पहिला सराव रविवारी सकाळी करावा: रस्ते मोकळे असतात, ट्राममध्ये सायकलीला वेळेचे बंधन नसते आणि चुकले तरी मागे खोळंबणारे कमी असतात. लीथ वॉकच्या पट्टीने न्यूहेवनच्या बंदरापर्यंत उतरावे, तिथून ग्रँटन आणि सिल्व्हरनोजच्या किनाऱ्याने क्रॅमंडपर्यंत सपाट वाटेने जाऊन यावे आणि न्यूहेवनच्या थांब्यावर ट्राम पकडावी. हा पहिलाच थांबा असल्याने गाडी रिकामी मिळते आणि सायकल नीट लावायला वेळही. हाच फेरा आठवड्याच्या मधल्या दिवशी डिसेंबरात करायचा असेल तर घड्याळ सांभाळावे लागते: सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, चार वाजता ट्रामला सायकल बंद होते आणि ती पुन्हा सुरू व्हायला साडेसहा वाजतात. तेव्हा साडेतीनला न्यूहेवनच्या फलाटावर असावे, नाहीतर पुढचा पांढरा व मागचा लाल असे दोन्ही दिवे लावून अंधारात लीथ वॉकचा चढ चढायची तयारी ठेवावी.